बारा रिकामी घरं

१

रोज दुपारी चारच्या सुमारास अनुया झाशीतल्या दतिया गेटजवळच्या गल्लीत ई-रिक्षातून उतरायची, पर्समधून किल्ली काढायची आणि कुलूप उघडण्याआधी दाराची कडी दोनदा वाजवायची. आत कुणी नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं. बाहेर एवढं मोठं कुलूप लटकत असताना कडी वाजवणारी मुलगी वेडीच असणार, असं समोरच्या चक्कीवाल्याला वाटत असेल, तर त्याचंही काही चुकत नव्हतं. पण सोळा वर्षांची सवय. स्नेहलताबाईंच्या घरात न कळवता शिरायची पद्धतच नव्हती.

बाईंना जाऊन सव्वा महिना झाला होता.

आत गेल्यावरची कामंही ठरलेली. खिडकीतल्या कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतायचं. पियानोवरची चादर काढून चौपदरी घडी करायची. लॅपटॉप फडताळात पुस्तकांच्या चळतीवर ठेवायचा. दारामागच्या बाईंच्या चपलांकडे बघायचं नाही. मग स्टुलावर बसायचं.

पियानो काळा, उभा, भिंतीला पाठ लावून बसलेला. बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या कुठल्याशा मेसमधून लिलावात आलेला. बाई दर खंडेनवमीला त्याची पूजा करायच्या. झाकणाच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीच्या कुंकवाचा डाग अजून होता. त्याच्या काळ्या पॉलिशला अशी लकाकी होती, की वाजवताना मागची सगळी खोली त्यात दिसायची: खाट, खिडकी, फरशी, सगळं थोडं बुडाल्यासारखं.

अनुया सव्वीस वर्षांची. बबीन्याच्या एका शाळेत संगीत शिकवायची आणि उरलेल्या वेळात पियानो कॉन्चेर्टो लिहायची. कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला एकटा पियानो आणि दुसऱ्या बाजूला साठ वादकांचा ताफा. दोघं कधी भांडतात, कधी गळ्यात गळे घालतात, आणि मधूनमधून पियानो गप्प बसून दुसऱ्यांचं ऐकतो. दिल्लीतल्या एका वाद्यवृंदानं नवोदितांकडून अशा रचना मागवल्या होत्या. तिचा पहिला भाग त्यांना आवडला होता. आता मेअखेर तिन्ही भाग खऱ्या पियानोवर वाजवून, ध्वनिमुद्रित करून पाठवायचे होते. ती घरी सराव करायची तो पियानो विजेवर चालणारा, लुटुपुटीचा. "साठ माणसं तुझं ऐकणार?" रेल्वेच्या वर्कशॉपमधून आलेले बाबा चहा पिता पिता म्हणाले होते. "इथे घरात दोघं ऐकत नाहीत."

बाईंच्या घराची किल्ली तिला बाईंच्या मुलीनं, नीरजाताईंनी दिली होती. "घर विकेपर्यंत बंदच राहणार. त्यापेक्षा तू वाजव. आईला आवडेल."

त्या दिवशी ती दुसरा भाग वाजवत होती. संथ, सगळ्यांत अवघड. चार मिनिटांनी त्यात पियानो थांबतो. लॅपटॉपमधून व्हायोलिनं सुरू झाली. अनुयानं हात मांडीवर घेतले आणि वाट बघितली. टक. टक. टक. लाकडावर दुमडलेल्या बोटाची टकटक, दर चार मात्रांनी एक. बारा झाल्या आणि ती अशी अलगद शिरली, की तिलाच छान वाटलं. इतका अचूक प्रवेश कित्येक दिवसांत जमला नव्हता.

दोन ओळी पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिनं मोजलंच नव्हतं. नेहमीसारखं बाईंवर सोडून दिलं होतं.

हात पट्ट्यांवर तसेच राहिले. व्हायोलिनं तिला सोडून एकटीच पुढे निघून गेली.

२

उन्हाळ्यात लाकूड बोलतं. झाशीच्या मे महिन्यात तर दारं, खाटा, कपाटं सगळीच बोलतात. पियानो तर नुसता लाकडाचा आणि ताणलेल्या तारांचा. वर कूलरची ओल. तडकणारच. असं स्वतःला सांगत अनुयानं पाणी प्यायलं. पण लाकूड दर चार मात्रांनी तडकत नाही, आणि बाराला थांबत नाही. मग हा कूलरचा पंप. पंपाला लय असते. पंप बंद करून पाहावा असं मनात आलं, आणि तिनं तो बंद केला नाही.

मोजायची ती पद्धत बाईंची होती. सुरांच्या पाच रेघांवर उभ्या रेघांनी जे चौकोन पडतात, त्यांना बाई 'घर' म्हणायच्या. काही घरांत सूर राहतात, काही रिकामी. अनुया दहा वर्षांची असताना रिकामी घरं आली की इकडेतिकडे बघायची, खिडकीतल्या खारी मोजायची. बाई दुमडलेल्या बोटानं पियानोवर टक करायच्या. "कीर्तनात बुवा बोलत असतो तेव्हा झांजवाला झोपतो का गं? रिकामं घर म्हणजे मोकळं आवार नव्हे. तिथेही कुणीतरी असतं. मोज." मग त्यांनी तिला जपासारखं पेरांवर मोजायला शिकवलं. चार बोटांची बारा पेरं, अंगठा फिरवत जायचा. पण बाई शेजारी असल्या की अनुया अंगठा हलवायचीच नाही. बाईंची टकटक असताना मोजायचं कशाला?

त्या संध्याकाळी कुलूप लावताना वरच्या मजल्यावरचे मुकेशभैया भेटले. खंडेराव गेटजवळ त्यांचं मोबाइलचं दुकान.

"भैया, आप ऊपर कुछ ठोक रहे थे क्या? चार-साढ़े चार बजे?"

"हम? हम तो अभी दुकान से आ रहे, दीदी. ऊपर ताला पड़ा है. वो तो मायके गई हैं, ललितपुर."

"अच्छा. ऐसे ही पूछा."

मुकेशभैया हेल्मेट हातात घेऊन उभेच राहिले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय, आणि नजर बाईंच्या दारावर.

"एक बात कहें? नीरजा दीदी को मत बताइएगा." त्यांचा आवाज खाली आला. "सबेरे दूधवाले ने आवाज दी, तब हमने दरवाजा तोड़ा था. बाई जी वहीं पियानो के नीचे पड़ी थीं. डॉक्टर ने दीदी से कह दिया कि एकदम से गईं, कुछ पता नहीं चला होगा. पर हमने उनका हाथ देखा था." त्यांनी स्वतःची मूठ वळून दाखवली, बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवला. "यहाँ से पूरा छिल गया था. ठोकती रही होंगी. और हम उस दिन ऊपर ही थे, दुकान बंद थी. कूलर चल रहा था. हमने कछू सुनोई नईं, दीदी. कछू नईं."

"आपकी क्या ग़लती, भैया," अनुया म्हणाली. "सुनाई ही नहीं दिया, तो आप क्या करते."

एवढं बोलून ती जवळजवळ धावत गल्लीच्या टोकाला गेली. ते वाक्य कुणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून ती सव्वा महिना वाट बघत होती. आणि तिला ते कुणी म्हणू शकत नव्हतं. कारण तिला ऐकू आलं होतं.

३

बाईंचे गुडघे गेल्या वर्षापासून धरले होते आणि अनुयाची शाळा लांब. म्हणून दोघींनी फोनचा मार्ग काढला होता. रोज चार वाजता अनुया फोन लावून स्पीकरवर टाकायची आणि घरच्या पियानोवर नवं लिहिलेलं वाजवायची. तिकडे बाई आपल्या पियानोपाशी बसून ऐकायच्या. रिकामी घरं आली की फोनमधून टकटक यायची.

शेवटच्या फोनच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "दुसरा भाग उसना वाटतो, पोरी. सुरेख आहे, पण तुझा नाही. तुला अजून काही झालंच नाहीये ना आयुष्यात." बाई बोलायच्या अशाच, तोंडावर. अनुया ते रात्रभर चघळत बसली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन उचलला गेला. "हं, वाजव," बाई म्हणाल्या. आवाज जरा जड होता. झोपेतून उठल्या असतील. अनुयानं वाजवायला घेतलं, मुद्दाम जोरात, ऐकाच म्हणून. मग बारा रिकामी घरं आली. टकटक सुरू झाली.

दोन. मग थांबून तीन. मग एक. लय नाही, ताल नाही. बारा होऊन गेल्या तरी थांबेना. अनुयाचा प्रवेश हुकला, आणि तिच्या मनात आलं, ही थट्टा आहे. माझ्या भागाला लय नाही, हेच सांगतायत.

"बाई, ताल चुकतोय तुमचा," ती म्हणाली. "तुम्ही दमलाय आज. ठेवते मी."

आणि तिनं फोन ठेवला. सहा मिनिटं झाली होती. सगळं आयुष्य जिनं ताल कधी चुकवला नाही, तिचा ताल चुकला, तर त्याचा अर्थ काय, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही. ती रुसून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दारातूनच सांगितलं, "अगं, बाई गेल्या."

तेराव्याला नीरजाताईंनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. "आईच्या फोनवर शेवटचा फोन तुझाच होता. तुझं वाजवणं ऐकत गेली बघ. केवढं भाग्य!"

अनुया तेव्हा "हो" म्हणाली.

इथवर निदान चूक तरी होती. पण पुढचं चूक नव्हती. त्याच आठवड्यात तिनं दुसरा भाग पुन्हा लिहायला घेतला आणि बारा घरांखाली मोठ्या ढोलावर, कापड गुंडाळलेल्या काठीनं, अगदी हलक्या हातानं, तीच टकटक लिहिली; लॅपटॉपमधल्या साथीत तो ढोल अजून भरायचा होता. दोन. मग तीन. मग एक. तिच्या कानाला ती विसरता येत नव्हती, आणि कानाला विसरता येत नाही ते लिहून काढायचं, एवढीच तिला सवय. आदरांजली आहे, असं तिनं ठरवलं. दिल्लीहून मसुदा वाचून उत्तर आलं: दुसऱ्या भागातल्या त्या ढोलाच्या ठोक्यांनी अंगावर काटा येतो.

आता तो भाग उसना वाटत नव्हता.

४

मुकेशभैया भेटले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉप लावलाच नाही. नुसता पियानो. चार मिनिटं वाजवलं आणि थांबली. कूलर घरघरत होता.

टक. टक.

मग थांबून तीन.

ती उठून कूलरपाशी गेली आणि तो बंद केला. पंख्याची पाती हळूहळू थांबली, शेवटचे थेंब ठिबकले. खोलीत उन्हाची जी एक दाट शांतता असते ती भरली.

टक.

आवाज वरून येत नव्हता. भिंतीतूनही नाही. तो खालून येत होता, पायांशी, पियानोच्या खालच्या फळीतून. तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर रुपयाएवढ्या जागेतलं पॉलिश उडालेलं होतं. ते तिनं किल्ली मिळाली त्या पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि त्यासमोर आपली पर्स ठेवायची सवय लावून घेतली होती.

त्या दिवशी ती तशीच घरी गेली. जायलाच नको होतं पुन्हा. पण मेअखेर डोक्यावर, आणि दुसरा खरा पियानो आणायचा कुठून? शिवाय (हे तिनं स्वतःशीही नीट कबूल केलं नाही) न जाणं म्हणजे पुन्हा एकदा फोन ठेवल्यासारखं झालं असतं.

तिनं दुसरा उपाय काढला. रिकामी घरं भरून टाकायची. तिनं बारा घरांत सूर लिहिले, साधे, व्हायोलिनांच्या मागे मागे जाणारे. तिथली टकटक गेली. मात्र तिसऱ्या भागात जिथे पियानो दोन घरं थांबतो, तिथे ती आली. तिनं तीही भरली. मग पहिल्या भागात आली. तिनं पहिला भाग भरला. चार दिवसांत पियानोला अख्ख्या बावीस मिनिटांत श्वास घ्यायला जागा उरली नाही. मनगटं सुजली. आईनं हळद लावता लावता विचारलं, "कोण मागे लागलंय तुझ्या? जरा थांबून थांबून वाजव की."

"थांबता येत नाही, आई."

"का नाही येत?"

अनुयानं मनगट सोडवून घेतलं.

पाचव्या दिवशी तिनं सलग बावीस मिनिटं वाजवलं आणि काहीही ऐकू आलं नाही. सुटले, असं वाटलं. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. तिसऱ्या पानाच्या शेवटी पान उलटायला डावा हात उचलला, पाव सेकंद, जेमतेम.

टक.

ती दचकून मागे सरकली आणि नजर आपोआप खाली गेली, पियानोच्या काळ्या फळीकडे. पॉलिशमध्ये मागची खोली होती. खाट. खिडकीतला उजेड. आणि फरशीवर, तिच्या स्टुलामागे, काहीतरी फिकट, लांबट. घडी केलेल्या चादरीसारखं. चादर तिनं नेहमी खाटेवर ठेवलेली असायची.

ती वळली नाही. वळून बघितलं आणि खरंच चादर निघाली तर बरंच, पण नाही निघाली तर? तिनं तसंच समोर बघत पान सरळ केलं आणि पुढचं वाजवायला घेतलं, मोठ्यानं, अंधार पडायच्या आत शेवटापर्यंत. मग डोळे मिटूनच उठली. दारापाशी जाऊन उघडले. चादर खाटेवर होती.

५

नीरजाताई एकोणतीस तारखेला आल्या, पुण्याहून, घराचा सौदा ठरवायला. अंगानं भरलेल्या, बोलक्या, हसताना बाईंसारखीच मान तिरपी करणाऱ्या. येताना चितळ्यांची बाकरवडी.

"खा. मग काय म्हणते दिल्ली? माझी सासू अजून विचारते, तुमच्या झाशीच्या मुली पियानोसुद्धा हिंदीत वाजवतात का?" आणि त्या स्वतःच हसल्या. मग हसता हसता डोळे पुसले. मग पर्समधून बाईंचा जुना फोन काढला, मागच्या बाजूला कोपरा फुटलेला.

"तेव्हा शेवटचा नंबर तेवढा पाहिला, मग हा मी उघडलाच नव्हता. परवा चार्ज केला. अगं, आई प्रत्येक फोन रेकॉर्ड करायची! तुझं वाजवणं पुन्हा पुन्हा ऐकायची असणार. दोनशेच्या वर आहेत. आणि तो शेवटचाही आहे."

अनुयाच्या हातातली बाकरवडी हातातच राहिली.

"ऐकलात?" तिनं विचारलं.

"पहिलं 'हं, वाजव' ऐकलं आणि बंद केला. एकटीनं नाही ऐकवत गं. म्हटलं, तुझ्याबरोबर ऐकू. इथेच, या खोलीत." नीरजाताईंनी फोन पियानोवर ठेवला, कुंकवाच्या डागाशेजारी. "असं करू. मी हा लावते आणि तू सोबत वाजव. आई सांगायची तो बारा घरांचा भाग. आई तिकडून ताल देईल, तू इकडून वाजव. एकदाच. मग मी घर विकायला मोकळी."

"ताई," अनुया म्हणाली.

"काय गं?"

सांगायचं असेल तर हाच तो क्षण होता, आणि ते तिला स्वच्छ दिसत होतं. ताई, त्या मला ताल देत नव्हत्या. त्या मला बोलावत होत्या, आणि मी फोन ठेवला. तोंडात शब्द अगदी ओळीनं उभे होते. समोर नीरजाताई दोन्ही हात मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसल्या होत्या, शाळेच्या गॅदरिंगला आई बसते तशा.

"एवढंच बरं वाटतं बघ," त्या म्हणाल्या, "की तिला काही त्रास झाला नाही. रात्री जाग आली की मी तेवढंच घोकते."

"जुनी पानं काढते," अनुया म्हणाली. "बारा घरांची."

६

"हं, वाजव."

जड, किंचित ओढलेला तो आवाज खोलीत आला आणि नीरजाताईंनी डोळे मिटले. फोनमधून अनुयाचा लुटुपुटीचा पियानो सुरू झाला, आणि त्यावर अनुयाचा आताचा, खरा. दोन्ही एकत्र चालू लागले. तिसऱ्या मिनिटाला, फोनमधल्या स्वतःच्या जोरजोरात वाजवण्याखाली, अनुयाला काहीतरी पडल्याचा आवाज ऐकू आला. जड, मऊ. मागाहून स्टूल कलंडल्याचा. त्या दिवशी तो तिच्याच सुरांखाली दडला होता. तिनं आताही जोरात वाजवून तो दडवला.

नीरजाताईंची पापणीही हलली नाही.

चार मिनिटं. बारा रिकामी घरं. तिनं हात मांडीवर घेतले.

दोन.

मग तीन.

"आई," नीरजाताई पुटपुटल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि चेहरा इतका निवांत होता, की अनुयाला तो पाहवेना.

मग एक. मग दोन. अनुया अंगठ्यानं पेरं मोजू लागली, आयुष्यात पहिल्यांदा बाईंच्या टकटकीत स्वतः मोजू लागली. तिला ठाऊक होतं पुढे काय आहे. एकोणिसाव्या ठोक्यानंतर एक मुलगी बोलणार होती. बाई, ताल चुकतोय तुमचा. पंधरा. सोळा. सतरा. हात वर उचलले. अठरा.

एकोणीस.

ती दोन्ही हातांनी पियानोवर तुटून पडली. तो प्रवेश तिनं लिहिलेलाच नव्हता. सगळे खालचे सूर एकदम, सूर लांबवणारा पायाखालचा खटका दाबून धरलेला, खिडकीची काच थरथरली. त्याखाली फोनमधून काहीतरी बोललं गेलं, एक वाक्य, मग आणखी एक. तिलासुद्धा ऐकू आलं नाही. तिनं सुरांना विझू दिलं नाही, लाटेवर लाट चढवत राहिली. दहा सेकंद, वीस. मग दम संपला आणि तिनं हात उचलले.

नाद हळूहळू विरत गेला.

निभावलं. तिला रडू येत होतं आणि हसूही. कुणालाही कधीच कळणार नव्हतं. नीरजाताई पुण्याला जातील, घर विकलं जाईल, पियानो कुणी घेऊन जाईल, आणि रात्री जाग आली तर त्या घोकतील, त्रास झाला नाही, त्रास झाला नाही.

टक. टक.

अनुयानं फोनकडे पाहिलं. तो कुंकवाच्या डागाशेजारी पडून होता. पडदा काळा. रेकॉर्डिंग कधीच संपलं होतं. सहा मिनिटांच्या पुढे त्यात काही नव्हतंच. तिनंच तर फोन ठेवला होता.

थांबून तीन.

तिला खाली बघायचं नव्हतं. तिनं पाहिलं. काळ्या फळीत खाट होती, खाटेवर डोळे मिटून बसलेल्या नीरजाताई होत्या, त्यांची खाली सोडलेली पावलं होती. आणि पावलांच्या अलीकडे, स्टुलाच्या अगदी जवळ, फरशीवर एक कोपर टेकलेलं होतं. त्यापुढचा हात फळीच्या दिशेनं वर येत होता, बोटं दुमडत.

टक.

"थांबलीस का गं?" मागून नीरजाताई म्हणाल्या. आवाज सुखावलेला, अर्धवट झोपेतल्यासारखा. "ताल चालूच आहे की. वाजव ना. आई थांबलीय तुझ्यासाठी."